सय्यदच्या घोड्याआड गेलेले सोमाली उठाव

पाणवठा (धागालेखक)

सोमालींनी वसाहतवाद्यांशी दिलेल्या लढ्याचा विषय निघाला की एकच नाव येतं: सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन. १८९९ ते १९२० त्याच्या दरवीशांनी, म्हणजे त्याच्या अनुयायी लढवय्यांनी, इंग्रजांना दम खाऊ दिला नाही. चिडून इंग्रजांनी त्याला 'वेडा मुल्ला' ठरवलं आणि पुढे सियाद बारेच्या राजवटीत मोगादिशूत त्याचा अश्वारूढ पुतळा बसला. यातलं काहीच खोटं नाही. पण त्या घोड्याच्या आड बाकीचे उठाव पार झाकले गेलेत. म्हणून सय्यदला थोडं बाजूला ठेवून दक्षिणेकडून सुरुवात करतो.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. एडनच्या समोरचा किनारा इंग्रजांकडे, जिबुती फ्रेंचांकडे, हिंदी महासागराला लागलेला लांबलचक किनारा इटलीकडे, ओगादेनचं पठार इथिओपियाचा सम्राट मेनेलिककडे आणि जुबा नदीपलीकडचा मुलूख पुन्हा इंग्रजांकडे. सोमाली झेंड्यावरच्या ताऱ्याची पाच टोकं या पाच तुकड्यांचीच.

नोव्हेंबर १८९६. त्याच वर्षी मार्चमध्ये मेनेलिकने अडोवाला इटलीची धूळधाण उडवली होती. तरी अंतोनियो चेक्की हा इटालियन कॉन्सल मोगादिशूहून शेबेले नदीकाठच्या अफगोयेकडे निघाला. तिथल्या गेलेदी सुलतानाशी सूत जमवायचं होतं. वाटेत लाफोलेला मुक्काम पडला आणि रात्री वादान कुळातल्या लोकांनी तळावर झडप घातली. चेक्कीसह १४ इटालियन ठार झाले. दुसऱ्या वर्षी इटलीने सूड म्हणून आसपासची गावं जाळली, पण आत शिरायची हिंमत व्हायला बरीच वर्षं गेली. याच लाफोलेत पुढे शिक्षक घडवणारं महाविद्यालय निघालं, त्यामुळे सोमालियात हे नाव अनेकांना कॉलेजमुळे माहीत असतं.

आता बिमाल कूळ. मर्का बंदर आणि त्यामागची शेबेलेकाठची सुपीक जमीन, हा यांचा पट्टा. इटालियन येण्याआधीपासून हे लोक कुणापुढे वाकत नव्हते. गेलेदींचा बलाढ्य सुलतान युसुफ मोहमूद १८४८ मध्ये यांच्याशी लढताना पडला आणि त्याचा मुलगा अहमद युसुफ १८७८ मध्ये यांच्याचकडून मारला गेला. म्हणजे गेलेदींच्या दोन पिढ्या बिमालांनी खाल्ल्या. इटलीची फौज आली तेव्हा गेलेदींनी तिच्याशी जुळवून का घेतलं आणि बिमालांनी का नाही, याचं अर्धं उत्तर यात आहे.

१९०४ मध्ये मर्क्यात जाकोमो त्रेविस या इटालियन अधिकाऱ्याचा खून झाला. त्यानंतर बिमालांनी बंदराची जमिनीकडून नाकेबंदीच केली. धान्य नाही, कातडी नाही, गुरं नाहीत. १९०७ मध्ये दानाने इथे मोठी लढाई झाली, त्यात बिमालांचं पुष्कळ नुकसान झालं, आणि १९०८ च्या मोहिमेत इटालियनांनी नदीकाठ ताब्यात घेतला. इटलीकडून लढणाऱ्यांत एरिट्रियातून आणि अरबस्तानातून आणलेले भाडोत्री शिपाई खूप होते. सय्यदने बिमालांना पत्र लिहून आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला होता. ते त्याच्याशी बोलत राहिले, पण त्याच्या झेंड्याखाली गेले नाहीत. माझ्या मते हा सगळा अध्याय सय्यदच्या चरित्रातली तळटीप म्हणून वाचणं चूक आहे.

मजीरतीन कुळाबद्दल पुढे लिहितो.

तिरकस_तीर

चांगला विषय. पण एक शंका. बिमाल मर्क्यासाठी लढले, वादानांनी आपल्या वाटेवरचा तळ मारला. आपापली कुरणं, आपापला व्यापार. याला 'वसाहतविरोधी लढा' म्हणणं म्हणजे नंतरचा राष्ट्रवाद मागे नेऊन चिकटवणं नाही का? सय्यद निदान सगळ्यांना एका झेंड्याखाली आणू पाहत होता.

मृण्मयी_एस

वाचतेय. मजीरतीनांची वाट पाहते.

पाणवठा

@तिरकस_तीर, शंका रास्त आहे, पण ती उलटी करून बघा. लोक लढतात ते काहीतरी हातातून जाताना दिसतं म्हणूनच. सोमाली पशुपालकाचं सरकार म्हणजे त्याचं कूळ. खून झाला तर भरपाई कूळ देतं आणि कूळ घेतं, पुरुषामागे रूढ दर १०० उंटांचा. विहिरीचा हक्क कुळाचा, बंदरातल्या वाटाड्याचा आणि दलालीचा हक्कही कुळाचा. परक्याने यातल्या कशालाही हात लावला की उत्तर कुळाकडूनच येणार. तिथे राष्ट्र नव्हतं म्हणून प्रतिकार खोटा ठरत नाही.

आणि सय्यदचा एक झेंडा किती एक होता हेही पाहू. बापाकडून तो ओगादेन कुळाचा, आईकडून धुलबहांते कुळाचा. दरवीशांची मुख्य ताकद याच नात्यांच्या जाळ्यातून आली. सुरुवातीला हब्र युनिसांचा सुलतान नूर त्याच्याबरोबर होता, पण इसाक समूहातली बरीच कुळं इंग्रजांकडून लढली. धुलबहांतेंचा गराद अली सोबत येईना, तर १८९९ मध्ये दरवीशांनी त्याला मारलं. १९०९ मध्ये बरावाचा प्रख्यात कादिरी सूफी शेख उवैस दरवीशांच्या हातून मेला. त्याच वर्षी दरवीशांच्या बड्या लोकांनी एका झाडाखाली बसून सय्यदलाच हटवायचा बेत केला होता, तो फुटला.

जुनी_मोहोर

लष्करी बाजू जोडतो, कारण यात आपल्याकडचे लोक थेट गुंतलेले आहेत.

ब्रिटिश सोमालीलँडचा कारभार सुरुवातीला एडनहून चालायचा आणि एडन मुंबई इलाख्याखाली. १८९८ मध्ये तो हिंदुस्थान सरकारकडून काढून लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे दिला. इंग्रजांना त्या किनाऱ्यात रस होता तो एडनच्या छावणीला मटण पुरवण्यापुरता. बर्बेऱ्याहून बोकड-मेंढ्या यायच्या. बाजारात चलन रुपयाचं.

लढायांत हिंदी पलटणी पहिल्यापासून दिसतात. १७ एप्रिल १९०३ ला गुंबुरूला लेफ्टनंट कर्नल प्लंकेटची तुकडी दरवीशांनी जवळजवळ पुसून टाकली, तीत आफ्रिकन रायफल्सबरोबर '२ शीख' पलटणीची एक कंपनी होती. बिकानेरची उंटस्वार 'गंगा रिसाला' तिथे लढली. पुढे १९२० च्या शेवटच्या मोहिमेत १०१ ग्रेनेडियर्सची, म्हणजे जुन्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची अर्धी पलटण होती.

गुंबुरूनंतर पाचच दिवसांनी दरातोलेची चकमक झाली. कॅप्टन ब्रूस जखमी होऊन पडला, त्याला उचलून आणताना तिघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: गॉफ, वॉकर आणि रोलँड. यातला जॉर्ज रोलँड बॉम्बे ग्रेनेडियर्सचा. पुढे तो नागपूरला व्हॉलंटियर रायफल्समध्ये होता आणि १९१० मध्ये नागपुरातच वारला. म्हणजे दूरच्या वाळवंटातली ही लढाई विदर्भापर्यंत येऊन पोचते.

खानदेशी_पाहुणा

एडन म्हटलं की आपल्याला वासुदेव बळवंत फडकेच आठवतात. १८८३ च्या फेब्रुवारीत एडनच्या तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी, इजिप्तने बर्बेरा-झैला ही बंदरं सोडल्यावर, त्याच एडनहून इंग्रज अधिकारी पलीकडच्या किनाऱ्यावर तह करायला उतरले. आणि फडक्यांना दरोडेखोर, सय्यदला वेडा. लेबलं लावणारं खातं एकच!

जुनी_मोहोर

@खानदेशी_पाहुणा, अगदी. त्याच्या आधीचाही एक धागा मुंबईशी जुळतो. १८५५ मध्ये बर्बेऱ्याजवळ रिचर्ड बर्टनच्या तळावर सोमालींनी हल्ला केला. बर्टन मुंबईच्या फौजेतला अधिकारी. भाला एका गालातून शिरून दुसऱ्यातून बाहेर आला. त्याचा सोबती लेफ्टनंट स्ट्रोयन मेला, स्पीक जखमी होऊन निसटला. त्यावर कंपनीने बर्बेऱ्याची नाकेबंदी केली आणि १८५६ मध्ये हब्र अवल कुळाशी तह करून घेतला. प्रतिकाराचा हिशेब १८९९ पासून मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिरकस_तीर

बिमालांबद्दल आणखी एक. इटालियनांनी १९०३-०४ च्या सुमारास गुलामगिरीवर बंदीचे हुकूम काढले, उठाव त्याच सुमारास पेटला. शेबेलेकाठची शेती गुलामांच्या घामावर चालायची ना? मग हा 'प्रतिकार' अंशतः गुलाम राखण्यासाठीही होता. धाग्यात हे सोयीस्कर गाळलंय असं वाटलं.

पाणवठा

गाळलं नाही, त्याला स्वतंत्र प्रतिसाद हवा होता म्हणून ठेवलं होतं. बिमालांच्या शेतात गुलाम राबत होते आणि ते पळून इटालियन ठाण्यात जाऊ लागल्याचा राग उठावात नक्की होता. शेख हसन बरसाने याच्या १९२४ च्या तक्रारीतही हाच मुद्दा येतो, त्याच्याकडे वळतोच.

पण इटलीला पुळका आला कुठून तेही बघा. बेनादीरचा, म्हणजे मोगादिशू-मर्क्याकडचा, किनारा आधी एका कंपनीला चालवायला दिला होता. तिच्या नाकाखाली बंदरांत गुलामांचे व्यवहार चालू होते. रोबेक्की-ब्रिकेत्ती या इटालियन प्रवाशाने ते चव्हाट्यावर आणलं, रोममध्ये बोंब झाली, तेव्हा हुकूम निघाले. १९०५ मध्ये सरकारने कारभार थेट हातात घेतला. आणि पुढे फॅसिस्ट काळात याच नदीकाठच्या इटालियन मळ्यांवर माणसं जबरदस्तीने कामाला जुंपली गेली. त्यांत पूर्वीच्या गुलामांची पोरंबाळंच जास्त.

या गोष्टीला तिसरी बाजू आहे, तिचं नाव कोणीच घेत नाही. जुबा नदीकाठच्या जंगलात, गोशात, पळून गेलेल्या गुलामांच्या वस्त्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा पुढारी नसीब बुंदो होता. हे लोक पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेले. त्यांनी सोमाली कुळांपासून आपल्या वस्त्या हत्यारानिशी राखल्या. त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्यावर घाला घालणारा पहिला माणूस युरोपियन नव्हता. सोमाली प्रतिकाराचा गौरव करताना हे पान फाडून टाकता येणार नाही.

मृण्मयी_एस

हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा आवडला.

संपादक मंडळ

समुद्री चाचे आणि अल-शबाबवरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे कृपया विषय धरून लिहा.

पाणवठा

आता मजीरतीन.

आफ्रिकेच्या शिंगाचं अगदी टोक यांचं. केप ग्वार्दाफुईच्या खडकांवर जहाजं फुटायची, त्या मालावर सुलतान म्हणजे बोकोर उस्मान याचा हक्क, शिवाय लोबान-धुपाचा व्यापार. दक्षिणेला होब्योत त्याच्याच नात्यातला युसुफ अली केनादीद वेगळा सुलतान होऊन बसला होता. दोघांनी १८८९ मध्ये इटलीचं संरक्षण घेतलं, दोघांनाही वाटलं आपण दुसऱ्याविरुद्ध पाठीराखा मिळवला. कागदावर संरक्षण, प्रत्यक्षात पस्तीसेक वर्षं आपलंच राज्य.

मग मुसोलिनीने चेझारे दे वेक्कीला गव्हर्नर नेमलं. रोमवरच्या मोर्चाच्या चार म्होरक्यांपैकी हा एक. तो १९२३ च्या अखेरीस आला आणि पहिलं फर्मान काढलं की बंदुका जमा करा. शेबेलेकाठी शेख हसन बरसानेने नकार दिला. त्याचं म्हणणं सरळ होतं: आमचा कायदा शरियत, तुमचा आम्हाला लागू नाही. १९२४ मध्ये लढाई झाली, तो पकडला गेला आणि मोगादिशूच्या तुरुंगातच मेला.

१९२५ मध्ये दे वेक्की उत्तरेकडे वळला. होब्यो फारसा प्रतिकार न होता हाती आलं, सुलतान अली युसुफला हटवलं. सगळं आटोपलं असं वाटत असताना नोव्हेंबरात उमर समतरने एल बूरचा किल्ला घेतला आणि मागचा सगळा मुलूख पेटला. मजीरतीनांकडे बोकोरचा मुलगा हर्सी बोकोर लढाई चालवत होता. इटलीने किनाऱ्यावरच्या गावांवर युद्धनौकांतून तोफा डागल्या. दोन वर्षं हे चाललं. १९२७ च्या शेवटी म्हातारा बोकोर शरण आला, त्याला मोगादिशूला नेऊन ठेवलं. हर्सी आणि उमर समतर इथिओपियात निसटले आणि उमर समतर पुढे इथिओपियाच्या बाजूने इटालियनांशी लढला.

एक गंमत म्हणजे होब्योच्याच घराण्यातल्या उस्मान युसुफ केनादीदने १९२० च्या सुमारास सोमाली भाषेसाठी स्वतंत्र लिपी घडवली होती, उस्मानिया. शेवटी १९७२ मध्ये सरकारने रोमन लिपी स्वीकारली.

नैरोबीकर

जुबापलीकडचं मी सांगते, कारण इथे केनियात शाळेतल्या इतिहासात ते चिमूटभरच येतं. १९०० मध्ये ओगादेन सोमालींनी जुबालँडचा इंग्रज सब-कमिशनर जेनर याला मारलं, त्यावर मोठी मोहीम काढावी लागली. १९१६ मध्ये औलिहान कुळाने अब्दुररहमान मुरसालच्या पुढाकाराने सेरेनलीचं ठाणं लुटलं, लेफ्टनंट एलियट ठार झाला. जागतिक युद्ध चालू, फौज टांझानियाच्या आघाडीवर. त्यामुळे ठाणं परत घ्यायला इंग्रजांना दुसरं वर्ष उजाडलं, आणि मधल्या काळात वजीर हे ठाणंही सोडावं लागलं.

आणि सय्यदबद्दल एक. इथे नैरोबीच्या ईस्टली भागातल्या चहाच्या टपऱ्यांवर ओगादेन आणि हर्गेसाकडचे इसाक एकाच बाकावर बसतात, पण हा विषय निघाला की सूर बदलतो. एकाचा तो राष्ट्रपिता. दुसऱ्याच्या आजोबांचे उंट त्याने पळवलेले.

पाणवठा

@नैरोबीकर, सेरेनली मी लिहिणारच होतो, आता गरज नाही. इसाकांचा मुद्दा फार महत्त्वाचा.

१९१० मध्ये इंग्रज खर्चाला कंटाळून आतून उठले आणि बर्बेरा, बुल्हार, झैला एवढ्या बंदरांत जाऊन बसले. जाताना मित्र कुळांना बंदुका वाटल्या. मग जो हलकल्लोळ माजला त्यात कूळ कुळावर धावून गेलं, कळप गेले, त्यात दुष्काळ. सोमाली लोक त्या काळाला 'हराम खाण्याचा काळ' म्हणतात. लोकसंख्येतले एक तृतीयांश पुरुष गेले असा अंदाज सर्रास दिला जातो. दरवीशांच्या शौर्यावर लिहिणारे आणि इंग्रजांच्या काटकसरीवर लिहिणारे, दोघेही या दोन-तीन वर्षांवरून घाईघाईने पुढे जातात.

खानदेशी_पाहुणा

१९१३ ला कॉरफील्ड पडला ती याचीच पुढची कडी ना?

जुनी_मोहोर

हो. कुळांमधली बजबजपुरी थांबवायला उंटस्वार पोलीस उभे केले, रिचर्ड कॉरफील्ड त्यांचा प्रमुख. दरवीशांशी थेट भिडू नकोस असं सांगितलेलं असताना ९ ऑगस्ट १९१३ ला दूल मदोबाला तो भिडला आणि मेला. त्यावर सय्यदने रचलेली कविता सोमालीतली सर्वांत गाजलेल्या कवितांपैकी एक. मेलेल्या कॉरफील्डलाच निरोप दिलाय, नरकाच्या वाटेवर भेटतील त्यांना आपला शेवट कसा झाला ते सांग म्हणून. लिपी नसलेल्या समाजात अशी कविता माणसांच्या तोंडून उंटांच्या तांड्यांबरोबर शेकडो मैल जायची. विरोधी कुळांचे कवीही त्याच वृत्तात उलट उत्तर देत. अली जामा हाबील हे त्यातलं मोठं नाव. बंदुकीइतकीच ही लढाई गंभीरपणे घेतली जायची.

तिरकस_तीर

आणि १९२० ला १२ विमानं आली, बॉम्ब टाकले, तीन आठवड्यांत खेळ खलास. शेवटी तंत्रज्ञानच जिंकलं.

पाणवठा

ही विमानदळाने स्वतःच पसरवलेली कथा आहे. युद्धानंतर त्यांना आपलं खातं वाचवायचं होतं, त्यामुळे सोमालीलँडची मोहीम ७७ हजार पौंडांत झाली, इतकं स्वस्त युद्ध झालं नाही, असा डंका पिटला गेला. २१ जानेवारीला मेदिशेवर पहिले बॉम्ब पडले, सय्यद थोडक्यात वाचला, फेब्रुवारीत ताले हे दरवीशांचं मुख्य ठाणं पडलं. पण जमिनीवर उंटदळ होतं, आफ्रिकन रायफल्स होत्या, ग्रेनेडियर्स होते. सय्यद ओगादेनात निसटल्यावर उरलेल्या दरवीशांना मोडलं ते इसाक कुळांच्या सुमारे ३००० स्वारांनी, हाजी वराबेच्या नेतृत्वाखाली. वीस वर्षांच्या लुटीचे हिशेब चुकते करायला ते गेले होते. सय्यद डिसेंबर १९२० मध्ये इमीला तापाच्या साथीत मेला. वार्सांगली कुळाचा सुलतान मोहमूद अली शिरे याला इंग्रजांनी सेशेल्सला पाठवलं, तो १९२८ मध्ये परत आला.

आता खरा मासला. दरवीश संपून दोन वर्षं झाली आणि इंग्रजांनी त्याच इसाक कुळांवर कर बसवायचं ठरवलं. फेब्रुवारी १९२२ मध्ये बुराओत दंगा झाला आणि कॅप्टन अॅलन गिब गोळी लागून मेला. हा गिब दरवीशांविरुद्ध याच लोकांच्या खांद्याला खांदा लावून लढलेला. गव्हर्नर आर्चरने एडनहून विमानं मागवली आणि बुराओवर, म्हणजे कालच्या मित्रांवर, बॉम्ब टाकले. तरी कर काही वसूल झाला नाही, तो बेत सोडावाच लागला.

@तिरकस_तीर, तुमच्या पहिल्या शंकेचं माझं उत्तर यात आहे. कायमचं बंडखोर कूळ नव्हतं आणि कायमचं इमानी कूळही नव्हतं. कर बसला की इसाक उठले, बंदूक मागितली की मजीरतीन उठले, बंदराकडून नदीकडे सरकले की बिमाल उठले. सरकारी कागदांत 'मित्र' आणि 'शत्रू' असे दोन रकाने होते, आणि नंतरच्या राष्ट्रवादी इतिहासाने तेच रकाने उचलून फक्त शिक्के बदलले.

तिरकस_तीर

इतकं मान्य. पण मग तुमच्या हिशेबाने सय्यद कोण?

पाणवठा

मोठा कवी, सालिही या सूफी पंथाचा कडवा धर्मोपदेशक, कुळांच्या पलीकडचं सैन्य उभं करायचा प्रयत्न केलेला माणूस, आणि अनेक कुळांसाठी लुटारू. चारही एकाच वेळी. यातलं एकच निवडून पुतळा केला की भांडण होणारच. १९९१ मध्ये सियाद बारे गेल्यावर मोगादिशूतला तो घोडाही टिकला नाही.

मृण्मयी_एस

१९२७ नंतर काहीच नाही? थेट १९६०?

पाणवठा

आहे की. १९४५ मध्ये इंग्रजांच्याच भागात हब्र जेलो कुळातल्या शेख बशीरने बुराओच्या तुरुंगावर छापा घालून कैदी सोडवले. ७ जुलै १९४५ ला बुर धाबच्या डोंगरात तो मारला गेला. तो सय्यदच्या बायकोकडून नात्यातला असल्याचंही सांगतात, पण त्याचं कूळ दरवीशांशी लढलेल्या कुळांपैकी. दक्षिणेत तोवर तरुणांची संघटना उभी राहिली होती, तीच पुढे सोमाली यूथ लीग झाली आणि तिने सभासदांना एकमेकांचं कूळ विचारायला बंदी घातली. तिच्यावर वेगळा धागा काढावा लागेल, कारण १९४८ चं मोगादिशू हा स्वतंत्रच विषय आहे. @नैरोबीकर, तो तुम्ही काढलात तर जास्त बरं.

नैरोबीकर

काढते. पण केनियातल्या सोमाली भागापासून सुरुवात करीन, तिथे लीगच्या शाखांवर इंग्रजांनी बंदी घातली होती तिथून.